आंघोळीची गोळी, साबण आणि कातडीवरचे जंतू

ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा बॉस्टनला शिकतो. गेलं वर्षभर त्याने अंगाला साबण लावलेला नाही. आठवड्यातून दोन-तीनदा नुसत्या पाण्याखाली उभा राहतो, बाकीच्या दिवशी आंघोळीची गोळी. रोज साबण लावला की कातडीवरचे चांगले जंतू मरतात, असं त्याचं म्हणणं. जूनमध्ये चिपळूणला घरी आल्यावरही त्याने हाच क्रम ठेवला. वडिलांशी रोज वाजतं, आजी पारोशाला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत, आणि आता पंधरा दिवस त्याच्या जांघेत खाज सुटली आहे. मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब तो लावतो. तुम्ही विचारलंय, मुलाचं म्हणणं खरं आहे का, आणि ही खाज आंघोळ न केल्यामुळे आली का?

माझी त्वचारोगाची ओपीडी 28 वर्षं चालू आहे. पहिली 20 वर्षं लातूरला गेली, नंतरची इथे कोकणात. एक कोरडा मुलूख, एक ओला. दोन्हीकडची कातडी पाहिल्यामुळे तुमच्या मुलाला मी खोटं ठरवणार नाही. त्याचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. पण ते त्याने ज्या हवेत शिकून घेतलं, ती हवा बॉस्टनला राहिली.

हा विचार कुठून आला असेल, त्याचा अंदाज करता येतो. चार्ल्स नदीच्या एका काठाला बॉस्टन आणि दुसऱ्या काठाला केंब्रिज. तिथल्या एमआयटीत शिकलेले डेव्हिड व्हिटलॉक नावाचे एक केमिकल इंजिनिअर आहेत. घोडे मातीत का लोळतात, या एका साध्या प्रश्नावरून ते मातीतल्या जंतूंकडे वळले. आपल्या घामात युरिया आणि अमोनिया असतो. मातीत नायट्रोसोमोनास नावाचे जंतू असतात, ते अमोनियावर जगतात आणि त्याचं नायट्राइट करतात. व्हिटलॉक यांचा तर्क असा की मातीत वावरणाऱ्या जुन्या माणसाच्या अंगावर हे जंतू असणारच, साबणाने ते धुऊन टाकले. त्यांनी ते मातीतून मिळवून वाढवले, स्वतःच्या अंगावर घेतले आणि बारा-एक वर्षं शॉवर घेतला नाही. अंगाला मळ लागला तर ओल्या स्पंजाने पुसत, हे मात्र सांगायचं राहून जातं. पुढे एओबायोम नावाची कंपनी निघाली आणि या जंतूंचा फवारा बाजारात आला. 2014 साली न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकासाठी ज्युलिया स्कॉट या पत्रकार बाईंनी महिनाभर साबण, शाम्पू सगळं बंद ठेवून तो फवारा अंगावर मारून पाहिला. कातडी मऊ झाली, केस तेलकट झाले. प्रयोग संपल्यावर त्या पुन्हा साबणाने आंघोळ करू लागल्या, तेव्हा महिनाभरात बसवलेली ती वसाहत तीन आंघोळींत नाहीशी झाली.

तीन आंघोळींत उठून जातो तो पाहुणा. घरचे रहिवासी निराळे. ते साबणाने जात नाहीत. तुमच्या मुलाची भीती नेमकी इथे चुकते आहे.

रहिवासी म्हणजे कोण, ते सांगते. माणसाच्या कातडीचं क्षेत्रफळ पावणेदोन-दोन चौरस मीटर. त्यावर एकेका चौरस सेंटिमीटरला काही हजारांपासून दहा लाखांपर्यंत जंतू असतात, आणि ते सगळीकडे सारखे नसतात. 2009 साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या एलिझाबेथ ग्राइस, ज्युलिया सेग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 10 निरोगी माणसांच्या अंगावरच्या 20 जागांचे जंतू तपासले. हाताच्या पुढच्या भागावर, मनगट आणि कोपराच्या मध्ये, सर्वांत जास्त प्रकार सापडले; कानामागे सर्वांत कमी. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की दोन वेगळ्या माणसांच्या काखा एकमेकींशी जितक्या जुळतात, तितकी एकाच माणसाची काख त्याच्याच हाताशी जुळत नाही. म्हणजे जमीन कशी आहे त्यावर पीक ठरतं. हात-पाय म्हणजे कोरडवाहू. चेहरा, छाती, पाठ म्हणजे तेलकट जमीन. काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या, बेंबी म्हणजे पाणथळ.

तेलकट जमिनीत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस राहतो. मुरुमांसाठी तो बदनाम आहे, पण तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर, केसांच्या मुळाशी तो असतोच. कातडीच्या तेलाचे तुकडे करून तो आम्लं तयार करतो, आणि त्या आंबटपणात बाहेरून आलेल्या जंतूंना तग धरणं अवघड जातं. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस बहुतेक सगळीकडे असतो. त्याचाच भाऊबंद स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा गळवं आणि पिकणारे फोड करणारा. सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या रिचर्ड गॅलो यांच्या गटाने 2017 साली दाखवलं की निरोगी कातडीवरचे काही स्टॅफिलोकॉकस जंतू स्वतःच ऑरियसला मारणारी द्रव्यं तयार करतात. ॲटोपिक इसब असलेल्या लोकांच्या कातडीवर हे राखणदार कमी आढळतात आणि ऑरियस माजतो. तेव्हा मुलगा "चांगले जंतू" म्हणतो ते खुळ नव्हे.

आता साबण काय करतो ते पाहू. आंघोळीनंतर वरवरचे जंतू कमी होतात हे खरं, पण केसांच्या मुळाशी, छिद्रांत दडलेले काही तासांत पुन्हा वर येतात. इतकी वर्षं आपण रोज साबण लावतो आहोत, तरी प्रत्येकाच्या अंगावर ते आहेतच. नुकसान होतं ते जमिनीचं. निरोगी कातडीचा पीएच साधारण साडेचार ते साडेपाचच्या आसपास, म्हणजे किंचित आंबट. शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन डॉक्टरांनी 1928 साली याला कातडीवरचं आम्लाचं पांघरूण म्हटलं होतं. आपली साधी साबणाची वडी नऊ-दहा पीएचची, म्हणजे चांगलीच अल्कधर्मी. ती फिरवली की आंबटपणा जातो आणि परत यायला काही तास लागतात. दुसरं असं की कातडीचा सर्वांत वरचा थर हा विटांच्या भिंतीसारखा आहे. मेलेल्या पेशींच्या विटा, आणि मध्ये सेरामाइड व इतर स्निग्ध पदार्थांचा गिलावा. साबणाला मळातलं तेल कुठलं आणि गिलाव्यातलं कुठलं, हे कळत नाही. तो दोन्ही काढतो. गरम पाणी त्यात भर घालतं. मग भिंतीला चिरा पडतात, आतलं पाणी उडतं, कातडी ओढल्यासारखी होते, खाज सुटते. खाजवलं की चिरेतून ऑरियस आत.

थंडीत सत्तरीचे आजोबा येतात, "डॉक्टर, रात्रभर पाय खाजवतो" म्हणतात. नडगीवर माशाच्या खवल्यांसारखी कातडी, नखांचे ओरखडे. मी विचारते, पाणी किती कडक घेता? सून म्हणते, "बंबातलं, वाफा निघेपर्यंत." साबण? "दोन वेळा, डोक्यापासून पायांपर्यंत." यांना मी गोळ्या लिहून देण्याआधी साबण काढून घेते. कोमट पाणी, साबण फक्त काख-जांघ-पावलांना, आणि अंग पुसल्यावर ओलसर असतानाच खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली. बऱ्याच जणांची खाज दोन आठवड्यांत निम्म्यावर येते. बॉस्टनच्या हिवाळ्यात, बंद खोलीत हीटर लावून राहणाऱ्या मुलाची कातडी याच आजोबांसारखी सुकलेली असते. तिथे त्याने साबण सोडला आणि त्याला बरं वाटलं. ते त्याच्या मनाचे खेळ नव्हते.

याच ओघात घासणीबद्दल बोलायला हवं, कारण आपल्याकडे साबणापेक्षा घासणीने जास्त नुकसान केलेलं मी पाहिलं आहे. चाळिशीतल्या बाई येतात. गळपट्टीच्या हाडांवर, दंडांवर, पाठीच्या वरच्या भागावर काळसर, लाटा उठल्यासारखे पट्टे. "मळ साचलाय, कितीही घासला तरी जात नाही." हाताने नीट पाहिलं तर कळतं की पट्टे जिथे हाड वर आहे तिथेच आहेत, म्हणजे नायलॉनची घासणी जिथे जोरात लागते तिथेच. तो मळ नसतोच, घासल्यामुळे कातडीत खोल उतरलेला रंग असतो. घासणी बंद केल्यावर तो फिका व्हायला वर्ष-वर्ष लागतं. मान काळी पडलेल्या मुलांचंही तेच. मानेची कातडी मखमलीसारखी जाड आणि काळी असेल, सोबत वजन वाढलेलं असेल, तर शरीरात इन्शुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असते. त्या मुलाची साखर तपासायची, मान खरवडायची नाही. एकदा एक आई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. शाळेत बाईंनी "मान धुऊन येत जा" म्हणून सांगितलं होतं. आईने रोज साबणाने घासून मान लाल केली होती, तपकिरी डाग तसाच. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून मानेवरून फिरवला. बोळा तपकिरी झाला आणि खालून स्वच्छ कातडी दिसली. वरच्या पेशी सुटून न पडता तिथेच थापून बसतात, असा एक निरुपद्रवी प्रकार असतो. साबणाने तो जात नाही, स्पिरिटने जातो. मुलगी अस्वच्छ नव्हती. आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण ते तिने स्वतःच्या मायेवर घेतलं होतं. वास, रंग, मळ यांवरून आपण माणसाला फार लवकर तोलतो.

वासाचं सांगते, कारण आंघोळ न करणाऱ्या मुलाबद्दल घरच्यांची खरी तक्रार तीच असते. ताज्या घामाला वास नसतो. काखेत एका खास प्रकारच्या ग्रंथी असतात, त्यांचा दाट स्राव जंतू फोडतात आणि त्यातून गंधकाची द्रव्यं सुटतात. यात स्टॅफिलोकॉकस होमिनिस आणि कॉरिनेबॅक्टेरियम यांचा हात असतो. पावलांच्या वासाचं कारण वेगळं: बुटात कोंडलेल्या घामात जंतू कातडीच्या प्रथिनांतून चीजसारखा वास येणारं आम्ल तयार करतात. वास हा रोग नाही. पण कुणाच्या पावलांना फारच उग्र वास येत असेल, तर तळव्यावर टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का ते पाहा. ते जंतूंनी खाल्लेले खड्डे असतात आणि मलमाने बरे होतात. पोलीस, सुरक्षारक्षक, कारखान्यात दिवसभर गमबूट घालणारे, यांच्यात मी ते कितीदा तरी पाहिले आहेत.

मग आंघोळच सोडली तर? 2016 चा उन्हाळा मी लातूरला काढला. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते वर्ष. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी आलं तेव्हा लोक रुळांकडे पाहायला गेले होते. घरोघरी दिवसाआड, कुठे चार दिवसांनी, ओल्या पंचाने अंग पुसून काढायचे आणि तेच पाणी संडासाला वापरायचे. त्या महिन्यांत निव्वळ आंघोळ चुकली म्हणून आजारी पडलेला धडधाकट प्रौढ माणूस माझ्याकडे आल्याचं मला आठवत नाही. आली ती मुलं. नाकाखाली, गुडघ्यांवर मधासारख्या पिवळ्या खपल्यांचे पिकलेले फोड. घरात पाणी नसलं की आंघोळीच्याही आधी सुटतं ते हात धुणं, आणि मुलांचे हात नाकातून खरचटलेल्या गुडघ्यावर जातात.

याला मोठ्या अभ्यासाचा आधार आहे. कराचीच्या झोपडवस्त्यांमध्ये स्टीफन ल्युबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी साबण वाटून हात धुण्याची आणि रोजच्या आंघोळीची सवय लावली, आणि मुलांवर वर्षभर लक्ष ठेवलं. 2005 साली त्याचे निष्कर्ष आले. जुलाब 53 टक्क्यांनी कमी, पाच वर्षांखालच्या मुलांत न्यूमोनिया 50 टक्क्यांनी कमी, आणि असे पिकणारे फोड 34 टक्क्यांनी कमी. काही घरांना साधा साबण दिला होता, काहींना जंतुनाशक. दोन्हींत फरक पडला नाही. मी हे आकडे वाचले तेव्हा मला लातूरची मुलं आठवली. पुढे 2016 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसह 19 जंतुनाशक द्रव्यं घरगुती साबणांतून काढायला लावली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ती सरस आहेत हे कंपन्या दाखवू शकल्या नाहीत. म्हणून घरात जंतुनाशक वडी आणू नका. बादलीत झाकणभर जंतुनाशक द्रव टाकून आंघोळ करण्याची सवय असेल तर तीही सोडा. त्याने भाजल्यासारखी आग झालेली लहान मुलं मी पाहिली आहेत.

हात धुणं आणि अंग धुणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलाला जरूर सांगा. हातांवरचे घातक जंतू हे बाहेरून आलेले, वरवर चिकटलेले असतात, ते साबणाने निघतात आणि निघायलाच हवेत. संडासानंतर, जेवणाआधी, बाळाला घेण्याआधी. तिथे "चांगल्या जंतूंचा" मुद्दा काढायचा नाही.

अंगालाही साबण ताबडतोब लागतोच, असे काही प्रसंग आहेत. शेतात फवारणी केल्यावर. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ही औषधं श्वासातून जातात तशी घामेजल्या कातडीतूनही आत जातात. फवारणी करून आलेल्या माणसाने उंबऱ्याबाहेरच कपडे उतरवून, साबण लावून, भरपूर पाण्याने आंघोळ करायची, चहा नंतर. गाजरगवतात काम केल्यावरही तसंच. 1955 च्या सुमारास पुण्यात ते गवत पहिल्यांदा नजरेत आलं आणि आता देशभर आहे. ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांचा चेहरा, मान, कोपराच्या खोबण्या जाड आणि काळ्या होतात, त्यांच्यासाठी शेतावरून आल्याबरोबरची आंघोळ हे अर्धं औषध आहे. आणि तुमच्या चिपळूणला पुराच्या पाण्याबद्दल मी वेगळं काय सांगणार? 2021 च्या जुलैनंतर तुम्ही लोकांनी ते पाहिलं आहे. त्या पाण्यातून चालून आलं की पाय साबणाने धुवायचे, पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसच्या गोळीसाठी डॉक्टरांना लगेच विचारायचं.

आता तुमच्या मुलाच्या जांघेकडे येते.

बॉस्टनला त्याची जांघ कोरडी होती. चिपळूणला जूनमध्ये हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळतच नाही, वाळत घातलेले कपडे तीन दिवस ओले राहतात. वर जाड जीन्स. पाणथळ जमीन आणखी पाणथळ झाली. तिथे बुरशी येते. आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो ते. आंघोळ न केल्याने बुरशी आकाशातून पडत नाही, ती कुणाच्या तरी टॉवेलवरून, अंथरुणावरून, कपड्यांवरून येते. पण घाम, मीठ, सुटलेल्या पेशी दिवसेंदिवस तिथेच राहिल्या, की आलेल्या पाहुणीला घर मिळतं. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं: आंघोळ न करणं हे कारण नसेल, पण आलेल्या बुरशीला तिथे राहू देणारं ते नक्की आहे. घरात आणखी कुणाला खाज आहे का ते विचारा. अनेकदा वडिलांना वर्षभर असते आणि ते बोलत नाहीत.

गजकर्ण मी नवी नवी डॉक्टर होते तेव्हा दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने जायचं. गेल्या दहा-बारा वर्षांत ते बदललं. आता आपल्याकडे ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी पसरली आहे. 2020 साली जपानी संशोधकांनी तिला हे नाव दिलं, भारताशी तिचं नातं नावातच आहे. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध तिच्यातल्या बऱ्याच वाणांना लागू पडत नाही. आणि तिच्या प्रसाराला मोठा हातभार लावला तो मेडिकलमधल्या मिसळ मलमांनी. एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश. स्टेरॉइडने कातडीची लढण्याची ताकद दबलेली असते, बुरशी आत पसरत राहते. ट्यूब थांबवली की दुप्पट होऊन उसळते. महिनोन्‌महिने लावलं तर जांघेत कायमचे पांढरे-जांभळे चरे पडतात, गरोदरपणात पोटावर पडतात तसे. विशीतल्या मुलांच्या मांड्यांवर ते चरे पाहून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण ते जात नाहीत. त्या ट्यूबवर "क्लोबेटासोल", "बीटामेथासोन" किंवा "मोमेटासोन" असं काही लिहिलेलं असेल, तर आजपासून ती बंद. खाज दोन दिवस वाढेल, ती सोसावी लागेल.

कपड्यांचं काम आंघोळीइतकंच महत्त्वाचं आहे. त्याचा टॉवेल वेगळा. चड्डी सैल, सुती, रोज दोन वेळा बदललेली. गरम पाण्यात धुऊन उलटी करून वाळत घालायची. पावसाळ्यात ऊन नसतं, म्हणून वाळल्यावर इलॅस्टिक आणि शिवणींवरून कडक इस्त्री फिरवायची. बुरशीचे कण नेमके तिथेच दडून राहतात. ओलसर चड्डी अंगावर चढवणं हे मी कोकणात आल्यावर इतकं पाहिलं की आता औषधाआधी तेच विचारते.

आणि आंघोळ? इथे असेपर्यंत त्याने रोज करावी, घामाने भिजला तर दोनदा. पाणी कोमट किंवा थंड. साबण काखा, जांघा, पार्श्वभाग आणि पावलांना. हात, पाय, पोट, पाठ नुसत्या पाण्याने. कुठला साबण, तर वासाचा आणि रंगाचा सोस नसलेला. शक्यतो असा बार, की जो मुळात साबण नसतो आणि ज्याचा पीएच कातडीच्या जवळ ठेवलेला असतो; वेष्टनावर सिंडेट किंवा पीएच साडेपाच असं लिहिलेलं सापडेल. साध्या वड्यांत फरक कळायला वेष्टनावरचा टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्ध पदार्थाचं प्रमाण, पाहा: पहिल्या दर्जाच्या साबणात 76 टक्के किंवा जास्त असतो, "बाथिंग बार" लिहिलेल्यात 40 टक्केही चालतो. त्यापुढे महागाची गरज नाही. सर्वांत महत्त्वाचा भाग आंघोळ संपल्यावरचा. जांघ आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या पंचाने टिपून पूर्ण कोरड्या करायच्या, पंख्याखाली दोन मिनिटं थांबायचं, मगच कपडे. बेचक्या ओल्या राहिल्या की चिखल्या होतात, आणि घरात मधुमेहाचं कुणी असेल तर तिथूनच पायाला सूज चढते. बॉस्टनला परत गेला की थंडीत त्याने दिवसाआड आंघोळ केली, अंगभर साबण लावला नाही, तर माझी काही हरकत नाही. फक्त पाणथळ जागा तिथेही रोज धुवाव्यात.

व्हिटलॉक यांच्या जंतूंचं पुढे काय झालं, असं तो विचारेल. इसबाच्या पाचशेहून अधिक रुग्णांवर त्या फवाऱ्याची चाचणी झाली, 2023 साली तिचे निष्कर्ष आले आणि खोट्या फवाऱ्यापेक्षा खऱ्याने खाज जास्त कमी झाली. मला यात आशा वाटते. माझ्याकडे इसबाची लहान मुलं येतात, ज्यांच्या आया रात्र-रात्र त्यांचे हात धरून बसतात. स्टेरॉइडशिवाय जंतूच्या फवाऱ्याने ती झोपली, तर मी आनंदाने तो लिहून देईन. पण ते नेमक्या आजारावर नेमक्या जंतूचं औषध असेल. साबण बंद करून जे जमेल ते वाढू द्यायचं, हा त्याचा अर्थ नव्हे.

आजींना दुखवू नका, त्यांच्याकडे घेण्यासारखं बरंच आहे. आधी तेल जिरवायचं, मग आंघोळ, ही दिवाळीची रीत थंडीतल्या कातडीसाठी उत्तम आहे. तेलाने गिलावा राखला जातो आणि उटणं साबणाइतकं अल्कधर्मी नसतं. पावसाळ्यात मात्र नको, विशेषतः अंगावर शिबे येणाऱ्यांनी. शिब्यांची बुरशी तेलावरच जगते.

मुलाला येत्या आठवड्यात तुमच्या जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा. ट्यूब आणि तिचा खोका सोबत द्या, आधीचे दोन-तीन दिवस तिथे काही लावू देऊ नका. डॉक्टर कडेची कातडी पात्याने हलकेच खरवडून काचेवर घेतील, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात का ते पाहतील. अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प, म्हणजे अतिनील प्रकाशाचा दिवाही धरतील. जांघेत कॉरिनेबॅक्टेरियमचा एक आजार होतो, दिसायला थेट गजकर्णासारखा, पण त्यावर बुरशीचं औषध निरुपयोगी असतं. त्या दिव्याखाली तो पोवळ्यासारखा लाल चमकतो. ही लाली जंतूंनी तयार केलेल्या रंगाची असते आणि पाण्याने धुतली जाते, नुकतीच आंघोळ करून आलेल्या माणसात दिसत नाही. म्हणून तपासणीच्या त्या एका सकाळी त्याला आंघोळ न करता पाठवा, आणि आजींना कारण आधी सांगून ठेवा.